आगोटीच्या कामांत मोबाइल पण धरा: पावसाळ्याआधी फोन कसा तयार करायचा

मे महिना अर्ध्यावर आला की आमच्याकडे घराघरात एकच धावपळ असते, लाकडं भरून घ्या, कौलं परतून घ्या, मसाला दळून आणा, सुकी मासळी डब्यात बंद करा. या आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कामांत आता मोबाइल पण धरायला पाहिजे, हे मी अगदी मनापासून सांगतोय. आम्ही दापोली तालुक्यातले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडची पण दैना झाली, पोल आडवे झाले, तारा तुटल्या आणि कितीतरी वाड्यांत लाइट यायला आठवडे लागले. लाइट नाही म्हणून टॉवर बंद, टॉवर बंद म्हणून फोन बंद, आणि मुंबईतली पोरं तिकडे आई-बाबा कसे असतील या काळजीत. पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते वादळ, जुलैमध्ये चिपळूणचा पूर. तेव्हापासून दर मे महिन्यात मी घरातले सगळे फोन एकदा बसून नीट करतो, आणि वाडीत कोणाला पाहिजे असेल तर त्यांचे पण. तेच इथे क्रमाने लिहितोय.

हे दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक म्हणजे ज्यांनी आत्ताच स्मार्टफोन घेतलाय आणि कॉल-व्हॉट्सॲपच्या पुढे काही केलेलं नाही. दुसरे म्हणजे मे च्या सुट्टीत गावाला येणारे चाकरमानी, तुम्ही आंबे-फणस खायला आलात की एक दुपार काढून आई-बाबांचा फोन हातात घ्या आणि हे करून द्या, पण त्यांना शेजारी बसवून, त्यांच्याच हाताने करून घ्या, नाहीतर तुम्ही गाडीत बसलात की सगळं विसरायला होतं.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. नेट असताना जे जे दिसतं ते सगळं फोनमध्ये असतंच असं नाही, बरंचसं बाहेरून येत असतं. रेंज गेली की फोनच्या आत उतरवून ठेवलेलं तेवढंच आपलं. खालची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

बसण्याआधी हे जवळ घ्या

- आधार कार्ड, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना ते बघा, ओटीपी त्यावरच येणार
- बँकेचं पासबुक आणि एटीएम कार्ड
- फोनचं बिल किंवा खोका, त्यावर आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक असतो
- सातबाराचा गट नंबर, घरपट्टीची पावती
- पॉवर बँक, दोन चार्जिंग केबल, वायरवाला साधा इअरफोन
- झिप असलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या
- एक वही आणि पेन, हे सगळ्यात महत्त्वाचं

१. आधी रेंजचं बघा

आपल्याकडे रेंज का मिळत नाही ते समजून घेतलं की अर्धं काम होतं. टॉवर असतो वर सड्यावर, गाव असतं खाली खाडीच्या अंगाला, मध्ये डोंगराची धार. त्यात आपली चिऱ्याची जाड भिंत. म्हणून पडवीत दोन काड्या आणि माजघरात शून्य. यात फोनचा काही दोष नसतो, महागडा नवीन फोन घेतला म्हणून माजघरात रेंज येईल असं समजू नका.

प्रत्येक कंपनीचे सिग्नल पण सारखे नसतात. कमी फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झवाला सिग्नल लांब जातो आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत येतो, आणि २३०० सारखा जास्त फ्रिक्वेन्सीचा सिग्नल स्पीड चांगला देतो पण लवकर मरतो. त्यामुळे शहरात ज्या कंपनीचं नेट पळतं ती तुमच्या वाडीत चालेलच असं नाही. पुण्यातल्या भावाने सांगितलं म्हणून सिम बदलू नका. वाडीतच ज्यांच्याकडे वेगवेगळ्या कंपनीचे सिम आहेत त्यांना घरी बोलवा, पडवीत आणि आतल्या खोलीत कॉल लावून बघा, आणि जमलं तर पाऊस पडत असताना बघा.

माझं मत विचाराल तर घरात दोन वेगळ्या कंपनीचे सिम असलेच पाहिजेत, एकाच फोनमध्ये किंवा दोघांच्या फोनमध्ये. एकाचा टॉवर पडला तर दुसरा असतो. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर इंग्रजी मोठ्या अक्षरात PORT लिहून, जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाकून १९०० वर एसएमएस करा, कोड येतो, तो साधारण चार दिवस चालतो, तेवढ्यात आधार घेऊन दुकानात जायचं. आत्ताच्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत, आणि सिम हरवून नुकतंच नवीन घेतलं असेल तर सात दिवस पोर्ट होत नाही. हे जूनमध्ये करत बसू नका, मे मध्येच उरका, मधल्या वेळात सिम थोडा वेळ बंद राहतं आणि त्याच वेळी वादळ आलं तर पंचाईत.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी करून ठेवा:

घरात फायबरचं वाय-फाय असेल तर सिमच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग असं एक बटण असतं ते चालू करा. मग टॉवरची रेंज नसली तरी वाय-फायवरून साधा कॉल येतो-जातो, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत. फोन आणि सिम दोन्हीला ती सोय असावी लागते, बटण दिसत नसेल तर कंपनीच्या दुकानात विचारा. चिऱ्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी यासारखी दुसरी सोय नाही आणि बहुतेकांना माहीतच नसते.

दुसरं, तुमच्या भागात ५जी येतं-जातं करत असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ४जी निवडून ठेवा. फोन सतत सिग्नल शोधत बसला की बॅटरी फार खातो.

गणपतीत सगळी वाडी भरते, तेव्हा रेंज फुल दिसते पण नेट हलत नाही, कारण त्याच एका टॉवरवर चौपट माणसं. त्यावर उपाय नाही. तेव्हा व्हिडिओ कॉलचा हट्ट सोडून साधा कॉल करा, मोठे व्हिडिओ पाठवायचे असतील तर रात्री उशिरा.

२. रिचार्ज लांबचा मारा

हे पटकन सांगतो. २८ दिवसांचा रिचार्ज नेमका वादळात संपतो आणि तेव्हा ना दुकान उघडं ना नेट चालू. जून ते सप्टेंबर पुरेल असा रिचार्ज मे मध्येच मारा. आजी-आजोबांचा बटणाचा फोन असेल तर नुसते कॉल आणि एसएमएस वाले पॅक २०२५ पासून मिळतात, डेटाचे पैसे फुकट भरायची गरज नाही. आणि दुसरं सिम पडून आहे म्हणून विसरू नका, ते बरेच दिवस वापरलंच नाही तर नंबर बंद होतो, आणि तोच बँकेला जोडलेला असेल तर मग बँकेच्या चकरा.

३. चार्जिंगची सोय

पॉवर बँक घेताना सगळे एकच आकडा बघतात, १०००० किंवा २०००० एमएएच, म्हणजे बॅटरीत किती चार्जिंग मावतं ते. खरा आकडा मागे बारीक अक्षरात असतो, रेटेड कपॅसिटी म्हणून. १०००० च्या पॉवर बँकेतून फोनला साधारण ६००० च्या आसपासच मिळतं, बाकी व्होल्टेज बदलण्यात आणि उष्णतेत जातं. म्हणजे ५००० बॅटरीचा फोन एकदा पूर्ण भरेल आणि वर थोडंसं. घरात तीन फोन असतील तर २०००० वाली घ्या. रस्त्यावर अर्ध्या किमतीत मिळते ती घेऊ नका, आकडा छापायला काही लागत नाही, आणि फुगलेली बॅटरी घरात आग लावू शकते. पॉवर बँक कपाटात ठेवून पण बॅटरी उतरते, म्हणून पावसाळाभर महिन्यातून एकदा तरी पुन्हा भरा.

वाय-फायच्या राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, बारा व्होल्टवाला. राऊटरच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय त्याचा फोटो काढून दुकानात दाखवा आणि तसाच घ्या, अंदाजाने घेतला तर राऊटर जळेल. घरची लाइट गेली तरी काही तास नेट चालतं. पण केबलवाल्याच्या पेटीत पण लाइट असली पाहिजे, ती गेली की तुमचा यूपीएस चालू असून उपयोग नाही. म्हणून घेण्याआधी केबलवाल्याला सरळ विचारा की तुमच्याकडे बॅकअप किती वेळ आहे.

विजा कडकडायला लागल्या की चार्जर, राऊटरचा प्लग, टीव्ही सगळं भिंतीतून काढून टाका. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग बाहेर पाहिजे. फोन चार्जिंगला लावून कानाला लावायचा तर अजिबात नाही.

लाइट गेल्यावर बॅटरी वाचवायची तर: ब्राइटनेस कमी, मोबाइल डेटा बंद, बॅटरी सेव्हर चालू. रेंजच नसेल तर एअरप्लेन मोड लावा, कारण रेंज शोधता शोधता फोन जास्त जोर लावतो आणि दुपारपर्यंत संपतो. आणि माझा सगळ्यात आवडता उपाय, ज्याला काही खर्च नाही: मुंबईतल्या माणसांशी वेळ ठरवून ठेवा. सकाळी आठ आणि रात्री आठ. बाकी वेळ फोन बंद, त्या वेळी चालू करायचा, रेंजच्या जागी जाऊन एक एसएमएस टाकायचा, सगळे ठीक आहोत. एसएमएसच का, तर कॉल लागायला सलग रेंज लागते, एसएमएस एका क्षणात निघून जातो, आणि समोरच्याचा फोन बंद असेल तर तो कंपनीकडे थांबतो आणि चालू झाला की पोचतो. व्हॉट्सॲपला नेट लागतं, एसएमएसला लागत नाही. आई-बाबांना एसएमएस टाइप करता येत नसेल तर मे मध्ये बसून शिकवा, एकच ओळ लिहायची असते.

४. कागदपत्रं आणि नंबर फोनच्या आत उतरवा

डिजिलॉकर ॲप घ्या, आधारवरच्या ओटीपीने खातं उघडतं. आधार, पॅन, लायसन्स, गाडीचं आरसी तिथे सरकारी खात्याकडूनच येतं आणि ते खऱ्या कागदासारखं चालतं. आपण स्वतः फोटो काढून चढवलेला कागद मात्र नुसता साठवलेला असतो, त्याला तेवढी किंमत नाही, हा फरक लक्षात ठेवा. आणि ॲपमध्ये दिसतं म्हणजे झालं असं नाही, प्रत्येक कागदाची पीडीएफ फोनमध्ये डाउनलोड करा. आधारच्या साइटवरून डाउनलोड केलेली ई-आधारची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो, नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्माचं साल.

सातबारा पण काढून ठेवा. महाभूमीच्या सरकारी साइटवर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, तो सगळीकडे चालतो. फुकट नुसता बघायला मिळतो तो माहितीपुरता, त्यावर सही नसते, तो कामाला येत नाही.

आता जे सांगतोय ते जवळजवळ कोणीच करत नाही. मे मध्ये एका सकाळी घराभोवती आणि बागेत फिरून फोटो आणि व्हिडिओ काढा. छप्पर चारही बाजूंनी, गोठा, विहिरीचा पंप, आंब्याची कलमं, पोफळी, नारळ. मोजता येतील असे काढा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू ठेवा म्हणजे जागा आणि तारीख फोटोतच राहते. निसर्गानंतर बागायतदारांचे सगळ्यात जास्त हाल कशात झाले तर आधी काय होतं ते दाखवण्यात. झाड उन्मळून पडलं, चार दिवसांनी कापून बाजूला केलं, मग पंचनाम्याला काय दाखवणार? आधीचे फोटो असले की निदान बोलता येतं. वादळानंतर पण काही हलवण्याआधी फोटो काढा. आणि हे फोटो कोणाला पाठवायचे तर व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखे नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साध्या पाठवण्यात फोटो छोटा होतो आणि तारीख-जागेची माहिती निघून जाते. मूळ फोटो डिलीट करू नका, एक कॉपी मुंबईतल्या मुलाच्या फोनमध्ये पण राहू दे.

नंबर वहीत लिहा. हो, कागदावर, पेनाने. फोन बंद पडला तर किती जणांचे नंबर तोंडपाठ आहेत ते स्वतःला विचारून बघा. मुलांचे, सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, जवळचा डॉक्टर, रिक्षावाला आणि वायरमन, वायरमनचा नंबर पावसाळ्यात सोन्यासारखा. शिवाय हे:

- ११२, कुठलीही आणीबाणी
- १०८, ॲम्ब्युलन्स
- १०७७, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष
- १९१२, लाइटची तक्रार
- १५५४, समुद्रात बोट अडचणीत असेल तर तटरक्षक दल
- १९३०, ऑनलाइन पैसे गेले तर

११२ बद्दल एक नीट समजून घ्या. स्क्रीनवर कधी कधी फक्त आपत्कालीन कॉल असं दिसतं. त्याचा अर्थ तुमच्या कंपनीचा टॉवर नाही पण दुसऱ्या कोणाचा तरी मिळतोय. अशा वेळी ११२ लागू शकतो. पावसात कोणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, रात्रीची वेळ, रेंज नाही म्हणून हताश होऊन बसू नका, आधी ११२ लावून बघा.

मोठ्या आपत्तीत सरकार कधी कधी एका कंपनीच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरायची परवानगी देतं. त्यासाठी नेटवर्क निवडायचं सेटिंग ऑटोमॅटिक ठेवा, आणि ते आपोआप नाही धरलं तर हाताने नेटवर्क शोधून एकेक निवडून बघा.

५. नकाशा उतरवा

जीपीएसला नेट लागत नाही, तो थेट उपग्रहाकडून येतो. नेट लागतं ते नकाशाच्या चित्राला. म्हणून गूगल मॅप्समध्ये वर आपल्या फोटोवर दाबा, ऑफलाइन मॅप्स मध्ये जा, आपला तालुका आणि जायचा-यायचा रस्ता चौकटीत धरून वाय-फायवर डाउनलोड करा. मग घाटात रेंज गेली तरी गाडीचा रस्ता दिसतो. काही महिन्यांनी हा नकाशा जुना होतो, तो अपडेट करत राहा.

पण उतरवलेल्या नकाशाला कशेडीत दरड आलीय की आंबोलीत झाड पडलंय हे कळत नाही. ट्रॅफिक पण दिसत नाही. शिवाय किनाऱ्याने जाताना मॅप फेरीबोटीचा रस्ता धरून वेळ सांगतो, दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला वगैरे, आणि खवळलेल्या समुद्रात फेरी बंद असते. मग खाडीच्या टोकाला जाऊन परत फिरायचं. निघण्याआधी जेट्टीवर नाहीतर तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचाराच.

६. पैसे

पहिलं म्हणजे घरात रोख ठेवा, दहा-वीस-पन्नास-शंभरच्या नोटा. गेल्या काही वर्षांत वडापाववाल्यापासून सगळीकडे स्कॅन करायची सवय लागलीय, लाइट-नेट गेलं की एटीएम पण बंद आणि स्कॅनर पण बंद.

दुसरं, यूपीआय लाइट चालू करा. तुमच्या यूपीआय ॲपमध्येच असतं. त्यात जास्तीत जास्त ५००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १००० पर्यंत पिन न टाकता देता येतात. याला नेट लागतंच, पण प्रत्येक वेळी बँकेच्या सर्व्हरवर जावं लागत नाही म्हणून कमी रेंजमध्ये पण बऱ्याचदा निभावतं. पिन नाही म्हणजे फोन कोणाच्या हाती लागला तर तेवढे पैसे जाऊ शकतात, त्यामुळे फोनला लॉक पाहिजे आणि यूपीआय लाइटमध्ये गरजेपुरतेच ठेवा.

तिसरं, *९९#. बँकेला जोडलेल्या सिमवरून हे डायल केलं की नेटशिवाय मेन्यू येतो, बॅलन्स बघता येतो, पैसे पाठवता येतात, बटणाच्या फोनवर पण. एका वेळी ५००० ची मर्यादा आहे. पहिल्यांदा पिन करायला एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते. सगळ्या सिमवर हे चालतंच असं नाही, म्हणून गरज पडायच्या आधीच एकदा करून बघा, घरातल्याच माणसाला दहा रुपये पाठवून.

पैसे कापले गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, पेंडिंग दाखवतंय, तर घाईघाईने परत पाठवू नका, रेंज नसताना हे हमखास होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे माणसाला पाठवलेले अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानाला दिलेले अडकले तर पाच दिवसांत परत आले पाहिजेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. व्यवहाराचा नंबर लिहून ठेवा आणि ॲपमधूनच तक्रार करा.

७. इशारे कुठून घ्यायचे

व्हॉट्सॲपवर पावसाळ्यात इतकं काही फिरतं की खरं कुठलं ते कळत नाही, कुठल्या तरी दुसऱ्या देशाच्या पुराचा व्हिडिओ आपल्या खाडीचा म्हणून येतो. त्यापेक्षा दोन सरकारी ॲप ठेवा. सचेत हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं, आणि दामिनी हे विजेसाठी, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेलं, आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडायची शक्यता असेल तर सांगतं. लावणीच्या दिवसांत मळ्यात असणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये दामिनी असावं असं मला वाटतं. लोकेशनची परवानगी दिली तरच ती चालतात.

हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस होऊ शकतो, एवढं लक्षात ठेवलं की ऑरेंज आणि रेडमधला फरक कळतो. आणि फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन अलर्ट चालू ठेवा, मोठ्या आवाजात वाजणारा तो मेसेज टॉवरवरून येतो, नेट नसलं तरी. तो वाजला म्हणून घाबरून बंद करून टाकणारे बरेच बघितलेत, तसं करू नका.

नेट पूर्ण गेल्यावर उरतो रेडिओ. काही फोनमध्ये एफएम रेडिओ असतो, वायरवाला इअरफोन लावला की तीच त्याची एरियल होते. तुमच्या फोनमध्ये आहे का आणि तुमच्या वाडीत स्टेशन धरतं का ते आत्ताच बघून घ्या. नसेल तर सेलवर चालणारा छोटा रेडिओ घ्या आणि रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग, जे आकाशवाणी केंद्र लागेल ते लावून ठेवा.

८. फसवणूक, इथे थांबून नीट वाचा

पावसाळा म्हणजे लाइट जाणार हे आपल्याला माहीत, आणि चोरांना पण माहीत. म्हणून मेसेज येतो: मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला तुमची लाइट कापली जाईल, या नंबरवर फोन करा. खाली कोणाचा तरी साधा दहा आकडी मोबाइल नंबर. महावितरण असं रात्री लाइट कापायची धमकी देऊन कोणाच्या खासगी नंबरवर फोन करायला सांगत नाही. बिलाची शंका असेल तर १९१२ वर विचारा किंवा सरळ आपल्या वायरमनला.

दुसरी तऱ्हा एपीके फाइलची. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, गाडीचं चलन येतं, बँकेचं केवायसी येतं, सरकारी योजनेची यादी येते, फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके म्हणजे ॲप. ते टाकलं की तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, परस्पर चोराकडे. आणि ती फाइल ओळखीच्याच नंबरवरून येते कारण त्याचा फोन आधी गेलेला असतो, त्यामुळे मामाने पाठवलं म्हणून उघडू नका, मामाला फोन करून विचारा. व्हॉट्सॲपमध्ये फाइल आपोआप डाउनलोड होणं बंद करा, आणि सेटिंगमध्ये अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची परवानगी कुठल्याच ॲपला देऊ नका. चुकून टाकलंच गेलं तर आधी नेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

बाकी थोडक्यात. पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, पासबुकवर किंवा कार्डच्या मागे असतो तो घ्या. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या गणवेशातला कोणी डिजिटल अटक म्हणाला तर फोन ठेवून द्या, अशी अटक कायद्यात नाही. व्हॉट्सॲपला सहा आकडी टू-स्टेप पिन लावा आणि तो वहीत लिहा.

पैसे गेलेच तर १९३० वर लगेच, त्याच तासात. लाज वाटते म्हणून दोन दिवस कोणाला सांगत नाहीत आणि तोपर्यंत पैसे चार खात्यांतून फिरून काढलेले असतात. लवकर कळवलं तर मधल्या खात्यात अडवता येतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आधीच सांगून ठेवा की पैसे गेले तर आम्ही ओरडणार नाही, फक्त पटकन सांगा.

९. फोन भिजला तर

लगेच बंद करा. चालतोय का बघायला चार्जिंगला लावू नका, भिजलेला फोन त्यानेच मरतो. कव्हर आणि सिमचा ट्रे काढा, फडक्याने पुसा, चार्जिंगचं तोंड खाली करून हलके झटका, पंख्याच्या हवेत दिवस-दोन दिवस ठेवा. तांदळात घालू नका, त्याचा कोंडा आणि बारीक कण आत जाऊन बसतात. चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरखाली पण नको.

खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात पडला तर गोष्ट वेगळी. वॉटरप्रूफ म्हणून विकलेल्या फोनची चाचणी साध्या पाण्यात होते, मीठ आतल्या भागाला लगेच गंज चढवतं. असा फोन वाळवत घरी ठेवू नका, बंद करून त्याच दिवशी रिपेअरवाल्याकडे द्या. मासेमारीला जाणाऱ्यांनी झिपच्या पिशवीत फोन ठेवायचा, स्क्रीन पिशवीतून पण चालते.

१०. फोन हरवला तर

*#०६# डायल केलं की आयएमईआय नंबर येतो, दोन सिमच्या फोनला दोन येतात. आजच वहीत लिहा. एसटीत, बाजारात, पुरात फोन गेला तर पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या, त्याच नंबरचं नवीन सिम काढा, आणि संचार साथी ॲपवर किंवा साइटवर जाऊन आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करा. तिथे एक रिक्वेस्ट नंबर मिळतो तो जपून ठेवा. ब्लॉक झालेला फोन दुसरं सिम घालून पण चालत नाही. फोन सापडला तर आधी पोलिसांना कळवा, मग तोच रिक्वेस्ट नंबर टाकून अनब्लॉक करता येतो. तिथेच आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते पण दिसतं, एखादं आपलं नसेल तर माझं नाही म्हणून तिथल्या तिथे कळवून टाका.